विखुरलेल्या तबकड्या

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी जुन्या लुगड्याच्या फडक्यांत गुंडाळून एक काळी तबकडी शाळेंत घेऊन आला. दारव्ह्यांतील आपल्या घराचा माळा झाडतांना ती त्यास सांपडली होती. मधल्या कागदावरील अक्षरें पुसून गेलीं होतीं व कांठाचा एक टवका उडाला होता. "सर, हिच्यांत कोणाचें गाणें आहे?" असें त्यानें विचारलें. तबकडी वाजविण्याचें यंत्र शाळेंत नव्हतें. त्यामुळें आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. परंतु अशा सुट्या तबकड्या कशा निर्माण झाल्या, कशा विखुरल्या आणि त्या एकत्र करण्याचें महत्त्व काय, हें तरी सांगावें, अशा हेतूनें हा लेख लिहिला आहे.

आपल्या देशांत १९०२ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत कलकत्त्यास फ्रेड गैसबर्ग यांनीं ग्रामोफोन कंपनीसाठीं गौहर जान इत्यादि गायिकांचीं गाणीं मुद्रित केलीं. त्या काळीं गाणारास एका मोठ्या कर्ण्यासमोर तोंड धरून गावें लागे. आवाजाच्या लहरींनीं कर्ण्याच्या टोंकाचा पातळ पडदा थरथरे, पडद्यास जोडलेली सुई हाले आणि फिरणाऱ्या मेणाच्या चकतीवर नागमोडी रेघ उमटे. त्या चकतीवरून धातूचा ठसा तयार करीत व ठशावरून लाखमिश्रित तबकड्या काढीत. तबकडी वाजवितांना हाच क्रम उलटा होतो : रेघ सुईस हालविते, सुई पडद्यास हालविते आणि पडदा हवेस. प्रारंभीं या चकत्या जर्मनींतील हॅनोव्हर येथें जात. तेथील कारागिरांस गाणाराची ओळख पटावी म्हणून पुष्कळ गायिका गाण्याच्या शेवटीं आपलें नांव मोठ्यानें उच्चारीत. १९०८ सालीं कलकत्त्यास कारखाना निघाला, आणि १९२५ नंतर कर्ण्याची जागा विजेच्या ध्वनिग्राहकानें घेतली.

ही तबकडी मिनिटास सुमारें ७८ फेरे घेई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर अवघीं तीन मिनिटें मावत. ज्या रागाच्या विस्तारास मैफलींत तास अपुरा पडे, तो राग तीन मिनिटांत बसवावयाचा म्हणजे घागर वाटींत ओतण्यासारखेंच होतें. तथापि जे खरे गुणी होते, त्यांनीं त्या वाटींतही घागरीची चव उतरविली.

प्रत्येक तबकडी स्वतंत्र विकली जाई. एक नागपुरास, एक पुण्यास, एक कोणाच्या लग्नांत आहेर म्हणून, अशा त्या गांवोगांव पांगल्या. लाख ठिसूळ असल्यामुळें कित्येक फुटल्या व कित्येक झिजल्या. कांहीं लोक आपल्या तबकड्या छायाचित्रांच्या वहीसारख्या जाड पुठ्ठ्याच्या वहींत, पाकिटांत घालून ठेवीत. गाण्यांच्या संग्रहास 'आल्बम' म्हणतात तें या वहीवरूनच. पुढें १९४८ सालीं अमेरिकेंत सावकाश फिरणारी दीर्घ तबकडी निघाली. तिच्या दोन्ही बाजूंस मिळून चाळीसेक मिनिटें मावूं लागलीं, आणि सुटीं गाणीं एके ठिकाणीं आणणें सोपें झालें.

येथें इंग्लंडांतील एक उदाहरण देतों. 'पिंक फ्लॉइड' हा वाद्यवृंद लांबलचक व गुंतागुंतीच्या रचनांबद्दल जगभर गाजला. त्याची पहिली सुटी तबकडी १९६७ सालीं निघाली. पुढें चारच वर्षांनीं, १९७१ सालीं, सुट्या तबकड्यांवरील गाणीं, आधींच्या संग्रहांतील कांहीं रचना आणि पूर्वीं प्रसिद्ध न झालेली एक रचना मिळून एक संग्रह काढण्यांत आला. त्याचें नांव 'रेलिक्स', म्हणजे अवशेष. अवशेष म्हटलें कीं आपणांस हजारों वर्षांपूर्वींचीं हाडें व मडकीं आठवतात. परंतु जपणूक नसेल तर कालपरवांच्या वस्तूचेही अवशेष होण्यास चार वर्षें पुरेशीं असतात, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां आपल्या लोकांकडे वळूं. केसरबाई केरकर यांचा जन्म १८९२ सालीं गोमंतकांतील केरी या गांवीं झाला. लहानपणीं त्यांस अब्दुल करीम खां यांची, पुढें रामकृष्णबुवा वझे व भास्करबुवा बखले यांची तालीम मिळाली. १९२१ च्या सुमारास त्या अल्लादिया खां यांच्या शिष्या झाल्या, आणि १९४६ सालीं खांसाहेब पैगंबरवासी होईपर्यंत, इतकें नांव मिळविल्यावरही, त्या शिकतच राहिल्या. १९४८ सालीं कलकत्त्यास त्यांस 'सूरश्री' ही पदवी मिळाली व १९६९ सालीं भारत सरकारनें त्यांचा पद्मभूषण किताबानें गौरव केला. त्यांच्या जन्मगांवीं त्यांच्या नांवाचें हायस्कूल आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांस विशेष आवडेल.

ध्वनिमुद्रणाविषयीं मात्र बाईंस फारसा उत्साह नव्हता. गाणें हें समोर बसलेल्या जाणकारांसाठीं आहे, अशी त्यांची वृत्ति होती. त्यामुळें त्यांच्या तबकड्या मोजक्याच निघाल्या. आणि नेमक्या या गायिकेच्या वांट्यास जो मान आला, तो फारच थोड्यांस लाभला आहे.

१९७७ सालीं अमेरिकेनें 'व्हॉयेजर' नांवाचीं दोन यानें आकाशांत सोडलीं. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक बारा इंची तबकडी बसविलेली आहे. पृथ्वीवर कोण राहतात, हें दूरच्या कोणा अज्ञातास कळावें, हा तिचा उद्देश. कार्ल सेगन या शास्त्रज्ञाच्या मंडळीनें तिजसाठीं निवड केली. पंचावन्न भाषांतील अभिवादनें तीवर आहेत व त्यांत आपली मराठी आहे. जगांतील संगीताचे अवघे सत्तावीस नमुने आहेत. त्यांत भारताचा एकच, तो म्हणजे केसरबाईंची भैरवींतील 'जात कहाँ हो' ही साडेतीन मिनिटांची चीज. तिची शिफारस रॉबर्ट ब्राउन या संगीताभ्यासकानें केली. परंतु ती तबकडी तोंवर बाजारांतून नाहींशी झाली होती. मंडळींपैकीं अ‍ॅन ड्रुयान यांनीं पुष्कळ शोध केला. अखेर न्यूयॉर्क शहरांतील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानांत, मागील बाजूस मेजाखालच्या खोक्यांत, तिच्या तीन न उघडलेल्या प्रती सांपडल्या. त्या दुकानदारानें ते खोकें अडगळ म्हणून आधींच टाकून दिलें असतें तर? ५ सप्टेंबर १९७७ रोजीं दुसरें यान सुटलें, आणि १६ सप्टेंबर रोजीं मुंबईस केसरबाईंनीं देह ठेविला. २०१२ सालीं त्यांतील एक यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलें.

या यशाची दुसरी बाजू दुःखाची आहे. ज्या अल्लादिया खांसाहेबांनीं ही गायकी घडविली, त्यांच्या गाण्याची एकही तबकडी नाहीं. भास्करबुवांचीही नाहीं. त्यांच्याविषयीं आपण केवळ वाचूं शकतों. शिष्येचा आवाज तारांगणांत गेला आणि गुरूंचा आवाज ऐकणारांच्या कानांबरोबरच विरून गेला.

दुसऱ्यांच्या निष्काळजीपणाबद्दल बोलतांना स्वतःचा सांगणें प्राप्त आहे. आमच्या वडिलांनीं आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या एका फितीवर उतरवून ठेविल्या होत्या. ती आठवींत असलेल्या आमच्या हातीं लागली. नवी फीत घेण्यास पैसे नव्हते. म्हणून आम्हीं तिच्यावरच चित्रपटांतील गाणीं भरून घेतलीं. दोन वर्षांनीं आजी वारली. वडिलांनीं एका संध्याकाळीं ती फीत लाविली. पहिलें गाणें सुरू झालें, तसें त्यांनीं यंत्र बंद केलें आणि ते अंगणांत जाऊन बसले. ते आम्हांस एक शब्दही बोलले नाहींत. तीं चित्रपटगीतें आजही कोठेंही मिळतात. आजीचा आवाज कोठेंच मिळत नाहीं.

म्हणून सुटींत विद्यार्थ्यांनीं पुढील काम करावें. घरांतील वडील माणसांस विचारून जुन्या तबकड्या, फिती व वह्या कोठें आहेत तें शोधावें. तबकडी आडवी रचून न ठेवतां उभी ठेवावी. वैशाखांत आपल्याकडील पत्र्याच्या घरांत ती वांकते, म्हणून माळ्यावरून खालीं, सावलींत आणावी. ती मऊ कोरड्या फडक्यानें पुसावी. स्पिरिट लावूं नये, कारण त्यांत लाख विरघळते. झिजलेल्या सुईनें वाजवूं नये. मग वहींत तबकडीवरील नांव, क्रमांक व ती घरांत कोणीं आणली तें लिहावें. हीच सूचीची पहिली पायरी होय. अशाच हौशी संग्राहकांनीं १९९० सालीं मुंबईस 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापिली. पालकांस आमची विनंती एवढीच कीं, भंगारवाल्याच्या तराजूंत कांहीं घालण्यापूर्वीं त्यावरील अक्षरें एकदां वाचावींत, आणि घरांतील वृद्धांचा आवाज आजच्या आज, हातांतील दूरध्वनियंत्रावर कां होईना, उतरवून ठेवावा.

आमच्या त्या विद्यार्थ्याची तबकडी अद्याप मुकीच आहे. परंतु त्यानें ती फडक्यांतून काढून, पुठ्ठ्याच्या पाकिटांत घालून, आपल्या आजोबांचें नांव वर लिहून ठेविली आहे. ती वाजविणारें यंत्र आज ना उद्यां मिळेल. त्या दिवशीं ती शाबूत असावी, एवढें त्याच्या हातीं होतें आणि तेवढें त्यानें केलें आहे.