हृदयशस्त्रक्रियेचा निकाल कसा वाचावा?

आज एका प्रश्नाने सुरुवात करू. हृदयावर शस्त्रक्रिया करणारे दोन डॉक्टर आहेत असे समजा. एकाला 'अ' म्हणू, दुसऱ्याला 'ब'. दोघांनीही प्रत्येकी २०० रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. 'अ'चे १० रुग्ण दगावले, 'ब'चे १४. म्हणजे मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे शेकडा ५ आणि शेकडा ७. तुमच्या घरातील कोणावर अशी शस्त्रक्रिया करायची झाली, तर तुम्ही कोणाकडे जाल?

"अर्थातच 'अ'कडे," असे तुम्ही चटकन म्हणाल. पण थोडे थांबा. एखादी शाळा निवडक हुशार मुलांनाच प्रवेश देते आणि दहावीचा निकाल शंभर टक्के लावते. दुसरी शाळा येईल त्या मुलाला घेते आणि तिचा निकाल ऐंशी टक्के लागतो. पहिल्या शाळेतील शिक्षक जास्त चांगले शिकवतात, असे एवढ्यावरून म्हणता येईल का?

रुग्ण कसे होते?

रुग्णांचे दोन गट करू. सर्वसाधारण अनुभव असा धरा की सोप्या रुग्णांपैकी शंभरात २ दगावतात आणि अवघड रुग्णांपैकी शंभरात १०. 'अ'कडे १५० सोपे आणि ५० अवघड रुग्ण आले. त्याच्याकडे ३ + ५ = ८ मृत्यू अपेक्षित होते; प्रत्यक्षात झाले १०. 'ब'कडे मात्र ५० सोपे आणि १५० अवघड रुग्ण आले. त्याच्याकडे १ + १५ = १६ मृत्यू अपेक्षित होते; प्रत्यक्षात झाले १४. पाहा, पारडे फिरले! ज्याचा आकडा वाईट दिसत होता, त्याचे काम अपेक्षेहून सरस निघाले.

ही आकडेमोड केवळ कागदावरची नाही. प्रौढांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी युरोपात 'युरोस्कोर' नावाची गुणपद्धती १९९९ साली प्रसिद्ध झाली. आठ देशांतील १२८ रुग्णालयांमधल्या सुमारे १९,००० रुग्णांच्या नोंदींवरून ती तयार केली होती. तिच्यात वयाच्या साठीनंतर दर पाच वर्षांना एक गुण, शस्त्रक्रिया तातडीची असेल तर दोन, हृदयावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल तर तीन, असे धोक्याचे गुण मोजतात. बेरीज जितकी मोठी, तितका धोका मोठा. २०१२ साली तिची सुधारित आवृत्ती आली.

दैवाचा वाटा किती?

आता दुसरी अडचण. 'अ'चे दोन मृत्यू जास्त झाले, ते त्याच्या हातून चूक झाली म्हणून की निव्वळ योगायोगाने? याचे उत्तर पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सापडते. आमच्या महाविद्यालयात विद्यार्थी गायगर गणकाने किरणोत्सारी पदार्थातून येणारे कण मोजतात. पदार्थ तोच, अंतर तेच, तरी एका मिनिटात ९५ कण येतात आणि पुढच्या मिनिटात १०८. अशा मोजणीचा एक सोपा नियम आहे. अपेक्षित संख्येचे वर्गमूळ काढा. साधारण तेवढा चढउतार योगायोगाने होतच असतो. फरक वर्गमुळाच्या दुपटीपलीकडे गेला, तर मात्र संशय घ्यावा.

८चे वर्गमूळ सुमारे २.८. 'अ'चा फरक आहे २. १६चे वर्गमूळ ४. 'ब'चा फरक आहे २. दोघेही योगायोगाच्या मर्यादेतच आहेत. तेव्हा या आकड्यांवरून दोघांत डावे-उजवे ठरवता येत नाही, हेच प्रामाणिक उत्तर आहे.

लहान मुलांच्या बाबतीत

मोठ्या माणसांच्या हृदयावरील बहुतेक शस्त्रक्रिया ठराविक प्रकारच्या असतात : बायपास किंवा झडप बदलणे. त्यामुळे नोंदी भरपूर मिळतात. मुलांमध्ये मात्र जन्मजात दोष तऱ्हेतऱ्हेचे असतात. कोणाच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र असते, तर कोणाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रोहिण्यांच्या जागांची अदलाबदल झालेली असते. दर हजार नवजात बालकांत सुमारे आठ-नऊ जणांना असा काही दोष असतो; पण प्रकार इतके, की एका रुग्णालयात एका प्रकारची मुले वर्षाकाठी थोडीच येतात. संख्या लहान, म्हणून योगायोगाचा वाटा मोठा. आणि नेमकी इथेच खरी चूक लपून राहू शकते.

इंग्लंडमधील ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात असेच घडले. तेथे १९८८ साली रुजू झालेले स्टीफन बोल्सिन हे भूलतज्ज्ञ. लहान मुलांच्या शस्त्रक्रियांना फार वेळ लागतो आणि मृत्यू जास्त होतात, असे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी शंका मांडली, आकडे गोळा केले. त्यावर मिळणारी उत्तरे कोणती? आमच्याकडे येणारी मुलेच जास्त गंभीर असतात. संख्या लहान आहे. सराव वाढला की निकाल सुधारतील. मित्रांनो, यांतील पहिली दोन उत्तरे म्हणजे आपण आत्ताच शिकलेले दोन मुद्दे आहेत! मुद्दे खरे, पण ते आकडेमोड करून तपासायचे असतात. ढाल म्हणून पुढे करायचे नसतात.

पुढे इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी झाली. तिचा अहवाल जुलै २००१ मध्ये आला. इतर तशाच रुग्णालयांशी तुलना करता, १९९१ ते १९९५ या काळात ब्रिस्टलमध्ये एका वर्षाखालील ३० ते ३५ बालके जास्त दगावली, असा त्याचा निष्कर्ष होता. तेथील माणसे निर्दय नव्हती. आकड्यांचीही वाण नव्हती. पण ते एकत्र मांडून पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

एकत्र मांडल्याने काय होते, ते पाहा. एका वर्षी ४ मृत्यू अपेक्षित असताना ८ झाले, तर फरक ४ आणि वर्गमूळ २. फरक वर्गमुळाच्या दुप्पट. असेच चार वर्षे चालले, तर अपेक्षित १६, प्रत्यक्षात ३२. फरक १६ झाला, वर्गमूळ मात्र ४च. आता फरक वर्गमुळाच्या चौपट आहे. योगायोगाची सबब उरत नाही. पण ही खात्री पटेपर्यंत १६ मुले जास्त गेली, त्याचे काय?

म्हणून वर्षअखेरीची वाट न पाहता प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर आलेख काढण्याची पद्धत इंग्लंडमधील संशोधकांनी १९९७ साली सुचवली. समजा, रुग्णाचा धोका शेकडा ५ आहे. तो वाचला तर रेषा ०.०५ने वर जाते, दगावला तर ०.९५ने खाली. धोका शेकडा २० असेल, तर वाचल्यावर रेषा ०.२०ने चढते. म्हणजे अवघड रुग्ण घेणाऱ्यावर अन्याय होत नाही. रेषा मागेपुढे हलत आडवी राहिली, तर काम अपेक्षेप्रमाणे आहे. सतत उतरू लागली, तर तेव्हाच थांबून कारण शोधायचे. आज ब्रिटनमध्ये मुलांवर हृदयशस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रांचे निकाल, धोक्याचा हिशेब करून, जाहीर होतात. तेथे शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांनी शंभरातील ९७हून अधिक मुले हयात असतात.

करून पाहा

वर्गातील प्रत्येकाने एक फासा बारा वेळा टाकावा. सहा पडला तर रुग्ण दगावला, असे समजा. प्रत्येकाचे २ मृत्यू अपेक्षित आहेत. तीस मुलांच्या वर्गात साधारण तीन-चार जणांचा एकही रुग्ण दगावणार नाही, आणि तितक्याच जणांचे चार किंवा अधिक दगावतील. फासा मात्र सर्वांचा सारखाच!

आता आलेखाच्या कागदावर रेषा काढा. सहा पडला तर पाच चौकटी खाली, अन्यथा एक चौकट वर. असे साठ वेळा करा. नंतर दुसरी रेषा काढा. पण या वेळी पाच किंवा सहा, काहीही पडले तरी पाच चौकटी खाली या. म्हणजे मृत्यूचे प्रमाण दुप्पट झाले. दोन्ही रेषा एका मित्राला दाखवा, पण कोणती कशी काढली ते सांगू नका. दुसरी रेषा कितव्या फाशानंतर त्याने ओळखली, ते लिहून ठेवा. तिथपर्यंत तिच्यावर किती मृत्यू पडले, तेही मोजा आणि त्या आकड्यावर शिक्षकांबरोबर वर्गात चर्चा करा.