अंटार्क्टिका : लहान जहाज की मोठं?

प्रश्न : आम्ही दोघं साठीच्या पुढचे. अंटार्क्टिकाला जायचंय. मोठं क्रूझ जहाज बरंच स्वस्त पडतंय. तेच घ्यावं का? माझे गुडघे कुरकुरतात.

उत्तर : बुकिंगआधी विचारा, जहाजावर प्रवासी किती? 500हून अधिक असतील तर तिथे कुणालाच किनाऱ्यावर उतरवत नाहीत. बर्फ डेकवरूनच बघायचा. लहान जहाजांचेही एका जागी एकावेळी 100 जणच उतरू शकतात, त्यामुळे पाळ्या लागतात. एवढ्या लांब जाऊन पाय टेकायचे नसतील, तर वाचलेल्या पैशांचं काय करायचं? वर्षभर थांबा, पण लहान जहाजानं जा.

गुडघ्यांची खरी परीक्षा रबरी होडीत. जहाजाची शिडी उतरल्यावर खलाशी तुमचं मनगट धरतो, तुम्ही त्याचं. मग होडीच्या फुगीर कडेवर पाय, तिथून आत आणि बसूनच पुढे सरकायचं. किनाऱ्यावर सहसा धक्का नसतो, घोटाभर गार पाण्यात उतरावं लागतं. हे जमेल का, डॉक्टरांना दाखवून ठरवा.

अर्जेंटिनातल्या उशुआयाहून निघालात की ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला साधारण दोन दिवस. मळमळ सुरू व्हायच्या आधीच गोळी घ्या. आजारी माणसाला तिथून हलवण्याचा खर्च भागवणारा विमा काढल्याशिवाय मात्र निघूच नका.

हंगाम नोव्हेंबर ते मार्च. पेंग्विनची पिल्लं बघायची तर जानेवारी उत्तम. पाच मीटर अंतर राखा, पिल्लू स्वतःहून जवळ आलं तरी हात लावू नका.