भुलीचे पांढरे इंजेक्शन आणि रक्तातील चरबी

प्रश्न : वडिलांचे ट्रायग्लिसराइड्स वाढलेले आहेत. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी त्यांना भुलीचे पांढरे, तेल असलेले इंजेक्शन देणार आहेत. त्याने चरबी आणखी वाढेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : शंका रास्त आहे, पण घाबरू नका. हे औषध म्हणजे प्रोपोफॉल. ते पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून सोयाबीन तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबांतून देतात. पांढरेपणा त्या थेंबांचा. एका मिलीलीटरमध्ये तेल 0.1 ग्रॅम. भूल चढवायला 20 मिलीलीटर लागले तरी पोटात नव्हे, रक्तात जाणारे तेल 2 ग्रॅमच, म्हणजे अर्ध्या चमच्याहून कमी. शरीर ते लवकर वापरून टाकते. मग हे औषध चालू असताना चरबी तपासतात ती कशासाठी? ती काळजी मुख्यतः आयसीयूतली. तिथे औषध दिवसेंदिवस चालू राहते, ट्रायग्लिसराइड्स चढतात आणि क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. अशा वेळी मात्रा घटवतात, त्याच मात्रेत निम्मे तेल देणारे 2 टक्क्यांचे प्रोपोफॉल वापरतात किंवा मिडाझोलमसारखे दुसरे औषध देतात. तरीही वडिलांचा लिपिड प्रोफाइल भूलतज्ज्ञांना आधीच दाखवा. ट्रायग्लिसराइड्स 500 च्या वर असतील किंवा पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झाला असेल, तर आवर्जून सांगा. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.