बंद पडलेला संगणक आणि सदोष रॅम : निदानाचा एक पाठ

आमच्या संगणक कक्षातील एका यंत्रावर गेल्या पावसाळ्यानंतर 'निकामी' असा कागद चिकटवला गेला होता. बटण दाबले की पंखे फिरत, दिवा लागे. परंतु मॉनिटरचा पडदा काळाच राही. तपासणीस आलेल्या कारागिराने मदरबोर्ड गेल्याचे सांगून नवा संगणक घेण्याचा सल्ला दिला. जेथे एका संगणकावर तीन विद्यार्थी बसतात, तेथे एक यंत्र कमी होणे म्हणजे तीन मुलांचा तास बुडणे होय. म्हणून तो कागद खरा मानण्यापूर्वी नववीच्या विद्यार्थ्यांसह त्या यंत्राची तपासणी करण्याचे आम्ही ठरवले. असा प्रसंग पालकांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या घरीही येतो. यासाठी त्या तपासणीचा क्रम येथे पाठरूपाने मांडत आहोत.

रॅमचे कार्य

हार्ड डिस्क ही वही, तर रॅम हा फळा होय. वहीत लिहिलेले टिकते. फळ्यावरचे तास संपताच पुसले जाते. मात्र शिकवणे चालते ते फळ्यावरच. रॅममध्ये माहितीचा प्रत्येक कण एका अतिसूक्ष्म धारित्रातील विद्युतभाराच्या रूपाने राहतो. या रचनेचे पेटंट आयबीएमचे अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांना 1968 मध्ये मिळाले. हा भार सतत गळत असतो. त्यामुळे साधारणपणे दर 64 मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की सारे पुसले जाते, याचे कारण हेच.

संगणक सुरू होताना मदरबोर्ड प्रथम स्वतःची तपासणी करतो आणि पडद्यावर काही दाखवण्यापूर्वीच रॅम तपासतो. तेथेच अडखळला तर चूक सांगणारे अक्षरही उमटत नाही. अशा वेळी घरातील छायाचित्रे, कागदपत्रे गेली असे समजून घाबरू नये. ती डिस्कवर असतात.

तपासणीपूर्वी

मॉनिटरची वीज व केबल प्रथम पाहावी. नंतर संगणकाचा प्लग काढून बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत घालवावी. रॅमची पट्टी कडांनी धरावी. सोनेरी संपर्कांना बोट लावू नये. पुढील प्रत्येक बदलापूर्वी प्लग काढलेला असावा.

पुष्कळदा पट्टी काढून पुन्हा नीट बसवल्यानेच काम होते. दमटपणा, धूळ आणि तापण्या-निवण्यामुळे संपर्क बिघडतो. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या लागेपर्यंत ती सरळ दाबावी. आमच्या यंत्रात दोन पट्ट्या होत्या; दोन्ही अशा रीतीने बसवूनही पडदा काळाच राहिला.

मग आम्ही दोन्ही पट्ट्या काढून यंत्र सुरू केले. बीप असा आवाज वारंवार येऊ लागला. मुलांना तो बिघाडाचा वाटला. आम्हाला मात्र तो आशेचा होता. रॅम नाही अशी तक्रार करणारा मदरबोर्ड मेलेला नसतो. काही मदरबोर्डांवर आवाजाऐवजी छोटा दिवा लागतो. बीपचा नेमका अर्थ कंपनीनुसार बदलतो. तो मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहावा. आवाज वा दिवा नसेल, तर एसएमपीएस, प्रोसेसर किंवा मदरबोर्ड यांच्याकडे लक्ष वळवावे. परंतु सूचना देणारा स्पीकर मुळात जोडलेला आहे की नाही, हे आधी पाहावे.

एका वेळी एकच बदल

येथे एका विद्यार्थ्याने उत्साहाने एक पट्टी पुसली व दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवली. संगणक सुरू झाला! वर्गात टाळ्या वाजल्या. आम्ही विचारले, "दोष कशात होता?" धुळीत, स्लॉटमध्ये, की बाहेर राहिलेल्या पट्टीत? तीन गोष्टी एकदम बदलल्याने उत्तर कोणालाच देता येईना. तेव्हा यंत्र बंद करून फळ्यावर चार ओळी मांडल्या आणि क्रमाने भरल्या :

पहिली पट्टी, पहिला स्लॉट : सुरू
पहिली पट्टी, दुसरा स्लॉट : सुरू
दुसरी पट्टी, पहिला स्लॉट : काळा पडदा
दुसरी पट्टी, दुसरा स्लॉट : काळा पडदा

दोष पट्टीबरोबर हलला, तर पट्टी सदोष. एकाच स्लॉटपाशी राहिला, तर स्लॉट सदोष. चारही वेळा अपयश आल्यास त्याच जातीची, चालू असल्याची खात्री असलेली पट्टी लावून पाहावी. चारही वेळा यश आल्यास संपर्क सैल होता, किंवा दोन पट्ट्यांचे परस्परांशी जुळत नाही, असे समजावे. आमची दुसरी पट्टी संपर्क साफ करूनही चालली नाही. मदरबोर्ड निर्दोष ठरला.

नवी पट्टी घेताना जात पाहावी. डीडीआर3 पट्टीला 240 आणि डीडीआर4 ला 288 संपर्क असतात. मधली खाचही वेगळ्या ठिकाणी असते. जी सहज बसत नाही, ती बळाने बसवू नये.

शेवटची परीक्षा

यंत्र सुरू झाले म्हणजे रॅम निर्दोष ठरली, असे नाही. अर्धवट सदोष पट्टी संगणक चालू ठेवते आणि डिस्कवर चुकीची माहिती लिहू शकते. काळ्या पडद्यापेक्षा हा धोका मोठा आहे. म्हणून मेमटेस्ट86+ हा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. त्यात एकही चूक दिसली तरी त्या पट्टीवर विसंबू नये. ही तपासणी झाल्याविना विंडोज पुन्हा भरण्याची घाई करू नये. आमच्या पहिल्या पट्टीत सकाळपर्यंत एकही चूक निघाली नाही.

तो 'निकामी' कागद मुलांनीच काढला. त्या जागी आता नोंद आहे : "यंत्र चालू. दुसरी पट्टी सदोष, काढून ठेवली." आज ते एका पट्टीवर, काहीसे संथ, पण नियमित चालते. माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच की, घरातील बंद संगणक भंगारात देण्यापूर्वी या चार ओळी एकदा भरून पाहाव्यात. आणि वापरात नसलेली डीडीआर3 पट्टी सापडल्यास ती आमच्याकडे पाठवावी. तिची परीक्षा मुले घेतील.