ताई, या गोट्यात बी असते का?

प्रश्न : पौष सरत आला तेव्हा आमच्या अंगणवाडीतली लेकरं घेऊन मी टेकडीच्या पायथ्याशी गेले होते. सोबत मदतनीस आणि दोन आया होत्या. गिरडच्या टेकडीवरचे गोल गोटे तुम्हाला माहीत असतील. कोणी सुपारीएवढे, कोणी जायफळासारखे. मुलांनी ओट्यात भरभरून वेचले. चार वर्षांच्या एका मुलाने गोटा कानाशी हलवून विचारले, "ताई, याच्यात बी असते का?" मला उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी दोन पालक आले. म्हणाले, गोटे वेचायला पोरं घरी काय कमी वेचतात? अंगणवाडीत पाटी कधी धरायची? दोन्ही प्रश्नांचं उत्तर हवं आहे.
— एक अंगणवाडी सेविका, गिरड

उत्तर : ताई, आधी त्या मुलाचा प्रश्न घेऊ. या सदराकडे आजवर आलेल्या प्रश्नांत मला तो फार वरचा वाटतो. गोल आहे, टणक आहे, फळासारखा दिसतो, मग आत बी असणारच, असा त्याचा हिशेब. सुपारी, चिंचोका, बोराची आठोळी हाताळलेल्या मुलालाच असा प्रश्न सुचतो.

आत बी नसते. पण गोटा आतून कसा भरला, ते ऐकण्यासारखे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या मोठ्या भागावर तप्त लाव्हाचे थर एकावर एक पसरले. आपल्या वावरातली काळी माती त्याच खडकाची झीज होऊन झाली आहे. लाव्हा थंड होताना त्यातले वायू बुडबुडे होऊन वर येऊ पाहत होते. काही निसटले, काही वाटेतच अडकले. तव्यावरच्या धिरड्याला जाळी पडते ना, तशी त्या खडकाला पोकळ्यांची जाळी पडली. पुढे खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने आपल्यात विरघळलेली द्रव्ये त्या पोकळ्यांत थराथराने सोडली. कुठे झिओलाइट नावाची पांढरट खनिजे जमली, कुठे गारगोटीच्या जातीचे टणक दगड. काळा फत्तर ऊनपावसाने झिजून गेला आणि पोकळीत बसलेले गोटे सुटे होऊन उतारावर पडले. मुलांच्या ओट्यात आले ते हे गोटे.

बी आतून बाहेर वाढते. हा गोटा मात्र बाहेरून आत वाढत गेला. पोकळीच्या भिंतीवर स्फटिक आधी धरले आणि मग मधल्या जागेकडे सरकले. काही वेळा मधली जागा भरायची राहते, तेव्हा गोटा पोकळ निघतो.

गिरडच्या लोकांनी या गोट्यांत वाण्याचा माल पाहिला. ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्याला हिंदू आणि मुसलमान दोघेही जातात, आणि दर्ग्याची कथा तुमच्या आजीनेही सांगितली असेल. टेकडीवरून जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी शेख फरीद बाबांची थट्टा केली, त्यांचा सगळा माल दगड झाला. त्यांनी क्षमा मागितली तेव्हा बाबांनी पाल्यापाचोळ्यापासून नवा माल करून दिला, आणि ते व्यापारी जन्मभर बाबांच्या सेवेत राहिले. मला नवल वाटते ते पुढच्या गोष्टीचे. युरोपातल्या भूवैज्ञानिकांनी असेच गोटे पाहिले आणि त्यांना जे नाव दिले ते ग्रीक भाषेतल्या बदामावरून आले आहे. त्यांनाही सुकामेवाच दिसला! झिओलाइट हे नाव 1756 साली स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी दिले. दगड तापवला की आतले पाणी वाफ होऊन फसफसते, म्हणून नावाचा अर्थ 'उकळणारा दगड'. हे सगळे तुमच्यासाठी. चार वर्षांच्या मुलाला सांगायचे असेल तर एक दिवस अंगणवाडीत धिरडे करा, जाळी दाखवा, आणि जाळीत गोटे बसलेला काळा दगड शेजारी ठेवा. दर्ग्याची गोष्टही सांगा. गोष्ट मांडीवर बसून ऐकायची, गोटा हातात धरायचा. मुलाच्या मनात दोन्ही नांदतात, एकाने दुसऱ्याला हुसकावून लावावे असे त्याला मुळीच वाटत नाही.

आता पालकांचा प्रश्न. तो रागाने विचारलेला असला तरी रास्त आहे. मूल मागे पडू नये, एवढीच त्यांची चिंता आहे. त्यांना तुम्ही एक माणूस दाखवा. बालवाडी ही कल्पना ज्यांच्यामुळे जगभर गेली ते जर्मनीचे फ्रीड्रिख फ्रोबेल 1814 पासून काही काळ बर्लिनच्या खनिज संग्रहालयात स्फटिकतज्ज्ञ वाइस यांच्या हाताखाली काम करत होते. दगड निवडणे, स्फटिकांच्या बाजू पाहणे, त्यांची मांडणी लावणे हा त्यांचा रोजचा उद्योग होता. पुढे 1837 साली त्यांनी लहान मुलांच्या खेळातून शिकण्याचे काम सुरू केले आणि 1840 मध्ये त्याला 'मुलांची बाग' असे नाव दिले. मुलांना दिलेल्या त्यांच्या खेळण्यांत लोकरीचे चेंडू होते, लाकडी गोल, घन आणि दंडगोल होते. ज्याने स्फटिक हाताळून आकार ओळखले, त्याने मुलांच्या हातात आकारच दिले, यात मला तरी योगायोग दिसत नाही. त्यांच्या शाळेत प्रत्येक मुलाला मातीचा स्वतःचा वाफाही असे.

आपल्याकडे ही गोष्ट बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी आपलीशी केली. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून त्या महाराष्ट्रात आल्या. 1945 साली बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. माँटेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, खडे, बिया, पाने ही साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात नेली आणि तिला अंगणवाडी म्हटले. पुढे कोसबाडला मुले गुरे घेऊन रानात जात, तर शिक्षिका गुरांमागून कुरणात गेल्या. अनुताईंच्या आत्मकथनाचे नावच 'कोसबाडच्या टेकडीवरून' आहे. ताई, 2 ऑक्टोबर 1975 पासून सरकारी योजनेत तुम्ही ज्या नावाने काम करता ते नाव असे अंगणातून आणि कुरणातून आलेले आहे. पायथ्याशी मुले नेणे हे तुमचे मूळचेच काम.

आणि हे काम आपल्याच वर्धा जिल्ह्यातही झाले. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 या दोन दिवशी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हाताने काम करत शिकायचे, ही नई तालीम तिथून पुढे सेवाग्रामात रुजली. 1945 च्या जानेवारीत सेवाग्रामच्या परिषदेत सात वर्षांखालच्या मुलांचाही विचार त्यात आला आणि शांता नारुळकरांनी तिथल्या पूर्व-बुनियादी वर्गाचे काम लिहून ठेवले. पाणी भरणे, भाजी निवडणे, झाडलोट, स्वच्छता हाच त्या वर्गाचा अभ्यास होता.

पाटीबद्दल पालकांना शब्दांनी पटवत बसू नका. त्यांना एक सकाळ बोलवा. मूल छोटा गोटा अंगठा आणि पहिल्या बोटाने उचलते, तीच पकड खडूला लागते. मूल गोट्यांचे ढीग करते, लहान इकडे, मोठे तिकडे, मग काळे, मग पांढरे. तोच गणिताचा पहिला धडा आहे. खिळ्याने ओरखडून पाहिले तर बहुतेक झिओलाइटवर रेघ उठते, गारगोटीच्या जातीच्या गोट्यावर उलट खिळाच झिजून त्याची करडी रेघ उमटते. हे करून पाहिलेल्या मुलाला 'टणक' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ओला केला की गोट्याचा रंग का बदलतो, हे तर ते स्वतःच विचारेल. पालकांना दिसू द्या की पोर घरीही गोटे वेचते खरे, पण तिथे कोणी त्याच्याशी त्याबद्दल बोलत नाही. तुमचे काम तिथे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही तीन ते आठ वर्षे हा पाया मानला आहे आणि तो खेळातून घालायचा आहे, हे पालक कागद मागतील तेव्हा सांगा.

फिरायला नेताना काही गोष्टी जपा, आणि त्या बाबतीत मी जरा कडकच आहे. गिरडच्या आसपास जंगल आहे. टेकडीच्या आडवाटेने जाऊ नका, वाघाच्या वावराची काही खबर असेल तर सहल दुसऱ्या आठवड्यावर टाका आणि वनविभागाला विचारून घ्या. सगळी मुले एकाच वेळी नेण्यापेक्षा आठ-दहांचा गट न्या, बाकीची मदतनिसाजवळ खेळू द्या. वैदर्भीय उन्हाची वेळ तुम्हाला मी काय सांगावी. फाल्गुन लागला की नऊच्या आत परतायचे. गोटा उचलण्याआधी काडीने पालथा घाला, खाली विंचू असू शकतो. जायफळाएवढा गोटा तीन वर्षांच्या मुलाच्या हाती देऊ नका, तो तोंडात जातो आणि घशात अडकतो. त्याला मुठीत न मावणारा द्या. दर्ग्याच्या आवारातला गोटा उचलण्याआधी तिथल्या मंडळींना विचारा. वाटेवरचे, वावराच्या धुऱ्यावरचे गोटे भरपूर आहेत.

राहिला तो मुलगा. त्याच्या प्रश्नाला तुम्ही लगेच उत्तर दिले नाही, हे बरेच झाले. आता त्यालाच पुन्हा विचारा, तुला काय वाटते, आत काय असेल? वर्गातल्या प्रत्येकाला विचारा आणि त्यांनी सांगितले ते त्यांच्यासमोर मोठ्या अक्षरांत लिहा : बी, पाणी, अंधार, काहीच नाही. मग एक मोठा गोटा जाड पोत्यात गुंडाळा, मुलांना भिंतीपाशी बसवा आणि हातोडीचा घाव तुम्ही किंवा एखाद्या मुलाच्या वडिलांनी घालावा, मुलांनी नव्हे. बारीक तुकडा डोळ्यात उडतो. पोते उघडताना आधी त्या मुलाला पुढे बोलवा.