मंद गतीत अडखळणारी मोटारसायकल : कारणे, तपासणी व उपाय

गोव्यात वस्त्या विखुरलेल्या आहेत आणि वाटेत ठिकठिकाणी नद्या आडव्या येतात. अशा प्रदेशात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पिवळ्या मडगार्डाच्या मोटारसायकलीवरून प्रवासी नेणारे 'पायलट', दूरच्या शाळेत जाणारे शिक्षक, ग्रामसेवक, मासळी व दूध पोचविणारे विक्रेते अशा अनेकांचा दिवस या वाहनावर अवलंबून असतो. या वाहनाचा एक नेहमीचा आजार म्हणजे भरधाव वेगात सुरळीत चालणारे इंजिन मंद गतीत मात्र अडखळणे, धापा टाकणे व अखेर बंद पडणे.

वरवर पाहता हा दोष किरकोळ वाटतो. परंतु रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या किंवा पणजीहून बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीवर वाहन चढविण्याचा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. धक्क्याचा उतार ओला व निसरडा असतो, पुढेमागे माणसे उभी असतात आणि वाहन पावलापावलाने न्यावे लागते. त्या क्षणी इंजिन बंद पडले, तर चालकाचा तोल जाण्यास वेळ लागत नाही. चोर्ला किंवा अनमोड घाटातील तीव्र वळणांवरही हाच धोका असतो. म्हणून या दोषाची कारणे समजून घेणे हे केवळ यंत्र दुरुस्त करणाऱ्याचे काम नसून वाहन वापरणाऱ्या प्रत्येकाच्या हिताचे आहे.

मंद गतीत इंजिन कसे चालते

पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेस १ भाग पेट्रोल असे प्रमाण लागते. हे मिश्रण तयार करण्याचे काम जुन्या वाहनांत कार्बुरेटर करतो. त्यात पेट्रोल येण्याचे मार्ग एकाहून अधिक असतात. ॲक्सिलरेटर पुरता वळविला असता पेट्रोल मुख्य जेटमधून येते. मधल्या अवस्थेत निमुळती सुई त्याचे प्रमाण ठरविते. परंतु ॲक्सिलरेटर बंद असताना किंवा एक-अष्टमांशापर्यंतच उघडला असताना पेट्रोल मुख्यत्वे एका लहान जेटमधून येते. कारागीर त्यास 'स्लो जेट' किंवा 'पायलट जेट' म्हणतात. त्याच्या छिद्राचा व्यास बहुधा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असतो.

दोष केवळ मंद गतीतच का जाणवतो, याचे उत्तर येथेच मिळते. एवढ्या सूक्ष्म छिद्रात चिकट साका बसला, तर मंद गतीचा पुरवठा तुटतो, पण मुख्य जेट मोकळा असल्याने वेगात काही जाणवत नाही. तीच गोष्ट हवेच्या गळतीची. कार्बुरेटर व इंजिन यांमधील रबरी जोडास बारीक चीर गेली, तर तेथून थोडी हवा आत शिरते. भरधाव वेगात इंजिन जेवढी हवा घेते, तिच्या तुलनेत ही गळती नगण्य असते. मंद गतीत मात्र एकूण हवाच अल्प असल्याने तेवढीच गळती मिश्रण बिघडविण्यास पुरेशी होते.

शिवाय मंद गतीत सिलिंडरमध्ये जळून गेलेल्या वायूचा काही भाग मागे राहतो व ताज्या मिश्रणात मिसळतो. त्यामुळे ज्वलन मुळातच नाजूक होते. लहान फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटास १,४०० फेरे घेत असेल, तर त्यात मिनिटास ७००, म्हणजे सेकंदास सुमारे १२ स्फोट होतात. त्यांतील एखाद-दुसरा चुकला तरी कानाला लगेच कळते. ठिणगी किंचित क्षीण असली किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसला, तर तो दोषही प्रथम मंद गतीतच उघड होतो.

लक्षणांवरून निदान

साधने हाती घेण्यापूर्वी लक्षणे नीट पाहावीत. पुढील खुणा बहुधा योग्य दिशा दाखवितात.

१) चोक थोडा ओढला असता गरम इंजिन सुरळीत चालू लागले, तर मिश्रण विरल आहे, म्हणजे पेट्रोल कमी व हवा अधिक आहे. स्लो जेट तुंबला असावा किंवा हवा कोठून तरी आत शिरत असावी.

२) इंजिन थंड असताना बरे चालते, गरम होताच धापा टाकते, सायलेन्सरमधून काळा धूर येतो व प्लगवर कोरडी काजळी आढळते, अशा वेळी मिश्रण दाट असते. चोक अडकून राहणे, एअर फिल्टर धुळीने भरणे किंवा फ्लोटची सुई नीट न बसल्याने पेट्रोल वाहणे, ही त्याची नेहमीची कारणे होत.

३) ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनाचा वेग लवकर उतरत नसेल, तर हवेची गळती किंवा अडकणारी केबल यांचा संशय घ्यावा.

४) हँडल डावी-उजवीकडे वळविताच वेग बदलत असेल, तर दोष केबलच्या ताणाचा आहे. केबलला थोडी ढील ठेवल्याने तो दूर होतो.

५) गरम झाल्यावर किक नेहमीपेक्षा हलकी लागत असेल व इंजिन मंद गतीत टिकत नसेल, तर टॅपेट घट्ट झाल्यामुळे व्हॉल्व्ह पुरता बंद होत नसण्याचा संभव असतो.

याउलट मंद गतीत ठीक चालणारे वाहन वेगात अडखळत असेल, तर पेट्रोलचा कॉक, टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र व मुख्य जेट तपासावेत. तो विषय निराळा आहे.

तपासणीचा क्रम

पुष्कळ ठिकाणी असे आढळते की, तक्रार ऐकताच प्रथम स्क्रू फिरविला जातो आणि 'रेस वाढवून' वाहन परत दिले जाते. याने रोग झाकला जातो, बरा होत नाही. पेट्रोल अधिक जळते, पहिला गिअर टाकताना धक्का बसतो आणि उतारावर इंजिनाचा रोध कमी मिळतो. म्हणून स्क्रूला हात लावणे ही शेवटची पायरी समजावी. तत्पूर्वी पुढील क्रम पाळावा.

प्रथम एअर फिल्टर पाहावा. कागदी फिल्टर झटकून किंवा बदलून घ्यावा. स्पंजचा असल्यास धुऊन, वाळवून, उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे तेल लावून बसवावा.

त्यानंतर प्लग काढावा. त्याच्या टोकांतील अंतर सर्वसाधारणपणे ०.६ ते ०.८ मि.मी. असते. नेमका आकडा वाहनाच्या पुस्तिकेत दिलेला असतो व फीलर गेजने तो मोजता येतो. प्लगचा रंग फिकट तपकिरी असल्यास ज्वलन समाधानकारक समजावे. काळी काजळी दाट मिश्रणाची, तर पांढरट रंग विरल मिश्रणाची खूण होय. ठिणगी पाहताना प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवूनच किक मारावी. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेच्या वाहनांत टोपी मोकळी ठेवून किक मारल्यास यंत्रणा बिघडू शकते. जुन्या पॉइंटच्या वाहनांत पॉइंटची तोंडे स्वच्छ असावीत व त्यांतील अंतर बहुधा ०.३ ते ०.४ मि.मी. असावे.

यानंतर टॅपेटचे अंतर, इंजिन थंड असताना, पुस्तिकेनुसार तपासावे.

मग हवेची गळती शोधावी. इंजिन मंद गतीत चालू ठेवून कार्बुरेटर व इंजिन यांमधील जोडावर पाण्याचे थोडे थेंब सोडावेत. आवाजात क्षणभर बदल झाला, तर तेथे चीर आहे असे समजावे. पाणी तापलेल्या सिलिंडरवर किंवा सायलेन्सरवर पडू देऊ नये. या कामासाठी पेट्रोल कधीही वापरू नये.

एवढे करूनही दोष राहिला, तर कार्बुरेटर उघडावा. फ्लोटच्या वाटीच्या तळाशी पाणी किंवा गाळ आढळल्यास तो स्वच्छ करावा. स्लो जेट काढून उजेडासमोर धरावा. छिद्रातून उजेडाचा स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. तुंबलेला जेट कार्बुरेटर साफ करण्याच्या द्रवात भिजवून हवेच्या दाबाने मोकळा करावा. त्यात तार किंवा टाचणी खुपसू नये. छिद्र किंचित मोठे झाले तरी मिश्रण कायमचे दाट होते आणि जेट निकामी ठरतो.

स्क्रूची जुळणी

सर्व दोष दूर झाल्यावर जुळणी करावी. कार्बुरेटरवर दोन स्क्रू असतात. एक ॲक्सिलरेटरची मंद गतीची मर्यादा ठरवितो, दुसरा मंद गतीच्या मिश्रणाचे प्रमाण ठरवितो. दुसरा स्क्रू प्रथम हलक्या हाताने पूर्ण आत बसवावा व तोपर्यंत किती फेरे झाले ते लिहून ठेवावे, म्हणजे पूर्वस्थितीवर येणे शक्य होते. तो जोराने आवळल्यास त्याचे टोक व बैठक खराब होते.

हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूस असेल, तर तो हवा नियंत्रित करतो; आत फिरविल्यास हवा कमी होऊन मिश्रण दाट होते. तो इंजिनाच्या बाजूस असेल, तर बहुधा मिश्रण नियंत्रित करतो. आत फिरविल्यास मिश्रण विरल होते. हा भेद न जाणल्यामुळे अनेकदा उलट दिशेने जुळणी केली जाते.

वाहन पाच-दहा मिनिटे चालवून इंजिन पुरते गरम करावे. पहिल्या स्क्रूने वेग नेहमीपेक्षा थोडा वाढवावा. मग दुसरा स्क्रू एका वेळी पाव फेरा फिरवून, प्रत्येक वेळी काही सेकंद थांबून, ज्या ठिकाणी इंजिन सर्वांत जलद व एकसारखे चालते ते ठिकाण शोधावे. नंतर पहिल्या स्क्रूने वेग पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत उतरवावा. लहान फोर-स्ट्रोक वाहनांत तो मिनिटास १,४०० फेऱ्यांच्या आसपास असतो. ही क्रिया आणखी एकदा करावी. शेवटी ॲक्सिलरेटर झटकन उघडून पाहावा. इंजिनाने न अडखळता वेग घेतला पाहिजे. स्क्रू अखेर जेमतेम अर्धा फेरा उघडा किंवा तीन फेऱ्यांहून अधिक उघडा राहत असेल, तर जेट किंवा गळतीचा दोष अद्याप शिल्लक आहे असे समजावे.

इंजिन अतिमंद ठेवून त्याचा ठोका ऐकण्याची हौस काहींना असते. परंतु तेलाचा पंप इंजिनाच्याच गतीने चालतो. वेग फार उतरविल्यास तेलाचा पुरवठा घटतो व आतील भागांची झीज वाढते.

टू-स्ट्रोक व इंधन-फवाऱ्याची वाहने

टू-स्ट्रोक वाहनांत मंद गतीतील थोडा अनियमितपणा स्वाभाविक असतो. तो अचानक वाढल्यास तेलाचे प्रमाण, सायलेन्सरमधील काजळी आणि क्रँकच्या टोकांची तेल-सीले तपासावीत. सील फाटले की तेथूनही हवा शिरते.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाची मानके लागू झाली व नव्या मोटारसायकलींत बहुतांशी कार्बुरेटरच्या जागी इंधन-फवाऱ्याची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. अशा वाहनांत मिश्रणाची जुळणी हाताने करावयाची नसते. एअर फिल्टर, प्लग, बॅटरी व हवेच्या जोडांची तपासणी मालकाने करावी. सूचक दिवा पेटून राहिल्यास मात्र योग्य उपकरण असलेल्या कार्यशाळेतच जावे.

उभे वाहन व पावसाळा

दीर्घ सुट्टीत किंवा मुसळधार पावसाच्या दिवसांत वाहन आठवडेच्या आठवडे उभे राहते. फ्लोटच्या वाटीतील थोडेसे पेट्रोल उडून जाते व मागे चिकट साका राहतो. तोच पुढे स्लो जेट बुजवितो. सध्याच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते व इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेल्यास ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते. म्हणून वाहन महिनाभर किंवा अधिक काळ उभे राहणार असेल, तर फ्लोटच्या वाटीचा स्क्रू सैल करून आतील पेट्रोल सुरक्षित भांड्यात काढून घ्यावे. वाहन धुताना टाकीच्या झाकणावर व एअर फिल्टरवर पाण्याचा झोत मारू नये.

धूरतपासणी व खबरदारी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार पेट्रोल वाहनांच्या धुराची तपासणी इंजिन मंद गतीत असतानाच होते. ३१ मार्च २००० पर्यंत तयार झालेल्या दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के, तर त्यानंतरच्या जुन्या मानकांच्या दुचाकींसाठी ३.५ टक्के ठरविण्यात आली. दाट मिश्रणावर चालणारे वाहन या परीक्षेत अनुत्तीर्ण होते. म्हणून योग्य जुळणी ही कायद्याच्या पालनाचीही पूर्वतयारी आहे. जुळणीनंतर तपासणी करून घेणे श्रेयस्कर होय.

कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन, गंधहीन व प्राणघातक आहे. बंद खोलीत किंवा पडवीची दारे लावून इंजिन कधीही चालू ठेवू नये. कार्बुरेटर उघडताना पेट्रोलचा कॉक बंद असावा. जवळपास विडी, चूल किंवा दिवा नसावा. ठिणगी पाहताना सांडलेले पेट्रोल पुसून, वाफा जाऊ देऊन मगच किक मारावी.

माध्यमिक शाळांतील विज्ञानशिक्षकांना ज्वलन, वायुदाब व विद्युत् ठिणगी हे विषय शिकविताना मोटारसायकलीचा उत्तम उपयोग होऊ शकेल. गावातील तरुणांनी एक फीलर गेज, प्लगचा पाना व वाहनाची पुस्तिका जवळ बाळगली, तर पुष्कळसे दोष घरच्या घरी ओळखता येतील. जे काम स्वतःस जमण्यासारखे नाही, ते कारागिराकडे सोपवावे. मात्र लक्षणे नीट सांगून सोपवावे, म्हणजे 'रेस वाढवून' देण्यावर काम भागणार नाही. धक्क्याच्या उतारावर वाहनाने दगा न देणे, हीच त्या दुरुस्तीची खरी कसोटी होय.