वय वाढलं, टायमिंग घसरलं; मग धावायचं कशासाठी?

पन्नाशीनंतर धावणाऱ्याला सगळ्यात जास्त छळतं ते त्याचं स्वतःचं जुनं टायमिंग. ते घसरतं आणि बूट कोपऱ्यात जातात.

कॅनडाचे एड व्हिटलॉक बघा. 2004 मध्ये, 73व्या वर्षी टोरंटो मॅरेथॉन 2 तास 54 मिनिटं 48 सेकंदांत. 85व्या वर्षी 3:56:34, म्हणजे तासभर जास्त! तरी दोन्ही तेव्हा त्या-त्या वयोगटातले विक्रम ठरले. सराव घराजवळच्या दफनभूमीत, फेऱ्या न मोजता, नुसतं घड्याळ बघून. गंमत म्हणजे हा सराव त्यांना फारसा आवडायचाही नाही.

आता तुमचं बघू. दुकान एक वर्षाचं, आणि तुलना वीस वर्षं जुन्या शेजाऱ्याच्या गल्ल्याशी? (मीही केलीय, झोप उडाली होती.) आज वहीत आधी दुकान किती तास उघडं होतं ते लिहा. गल्ला त्याच्या खाली.